खैरियत आहे, अब्बा

जुम्याची नमाज झाली की आमच्या घरी बहिणीचा दोह्याहून फोन येतो. अब्बा 76 वर्षांचे. फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात, त्यामुळे सगळं घर ऐकतं. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "सगळं खैरियत आहे, अब्बा." शब्द एवढेच. पण आवाज दाटलेला होता, शेवटी जरा चिरकलाही. अब्बा म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह! पोर खुशीत आहे," आणि जेवायला बसले.

रात्री आम्ही तिला फोन लावला. दुलाभाईंची नोकरी गेली होती. बराच वेळ रडली. मग म्हणाली, "अब्बांना कळलं नाही, की त्यांनी कळून घेतलं नाही?" खरं सांगायचं तर आम्हालाही त्यांचा रागच आला होता. अम्मीच्या मागे माणूस कोरडा झाला, असं वाटलं.

अब्बांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज कमी होतात; स, श, फ अशी अक्षरं निसटतात. साठीपुढच्या दर चारांत एकाहून जास्त माणसांना त्रास होण्याइतकं कमी ऐकू येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण अब्बांनी 'खैरियत' तर नीट ऐकलं होतं. निसटला तो सूर.

यावर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. एकच वाक्य रागाने, दुःखाने, आनंदाने बोलून ऐकवलं, तर तरुणांपेक्षा वृद्ध जास्त चुकतात. ज्यांचे कान चांगले आहेत, तेही. आवाजाचा चढउतार, वेग, मध्येच थांबणं, हे जुळवून त्यातला भाव ओळखणं मेंदूचं काम आहे, आणि वयाबरोबर ते अवघड होतं. त्यामुळे कानाला मशीन लावलं की शब्द ऐकू येतील, भाव कळेलच असं नाही. फोनवर तर चेहराही दिसत नाही.

आपण काय करतो? ओरडतो. मोठ्याने बोलायला गेलं की आवाज आपोआप रागीट होतो (आम्हा शिक्षकांना हे कुणी सांगायला नको), आणि म्हातारं माणूस समजतं की आपल्यावर चिडले. आईबापांना 'उफ'सुद्धा म्हणू नका, अशी ताकीद सूरह बनी इस्राईलमध्ये आहे. 'उफ'ला अर्थ असा कितीसा? तो नुसता सूरच. तो त्यांना कळत नसेल म्हणून आपल्याला माफ होतो, असं मात्र आम्हाला वाटत नाही.

बहिणीला आम्ही एवढंच सांगितलं, "आवाजावरून ओळखतील म्हणून थांबू नकोस. शब्दांत सांग." पुढच्या जुम्याला ती म्हणाली, "अब्बा, मी परेशान आहे. यांची नोकरी गेली."

अब्बा गप्प झाले. स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि आम्हाला हाताने बाहेर जायची खूण केली.