भस्मासुराहून निराळा

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या दरम्यान खुटबाव हे गाव आहे. यवतजवळच्या डोंगरावर भुलेश्वराचे पुरातन शिवमंदिर असल्यामुळे या टापूत शंकराच्या कथांचे कोणाला नावीन्य नाही. ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो भस्म होईल, असा वर भोळ्या शंकराने एका असुराला दिला आणि तो असुर वर देणाऱ्याच्याच मस्तकावर हात ठेवावयास धावला, ही भस्मासुराची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. मानवाने निर्माण केलेली वस्तू त्याच्याच जिवावर उठली, की मराठी माणूस तिला चटकन 'भस्मासुर' म्हणतो. पाश्चात्त्य देशांत अशा वेळी 'फ्रँकेन्स्टाइन' हे नाव घेतात. दोन्ही नावे एकाच अर्थाची समजली जातात. परंतु तसे मानणे योग्य नव्हे. ज्या कादंबरीतून हे दुसरे नाव आले, ती दोनशे वर्षे का वाचली जाते, हे त्या दोहोंतील भेद पाहिल्यावाचून कळणार नाही.

१८१६ सालचा उन्हाळा युरोपात विलक्षण थंड गेला. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा महास्फोट झाला होता, त्याचा हा परिणाम. जिनिव्हा सरोवराच्या काठी काही इंग्रज मंडळी पावसामुळे घरात अडकून पडली होती. प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी, असे कवी बायरन याने सुचविले. त्या मंडळींत मेरी नावाची अठरा वर्षांची तरुणी होती. तिची गोष्ट वाढत वाढत कादंबरी झाली आणि १८१८ च्या जानेवारीत लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. प्रती निघाल्या अवघ्या पाचशे. पुस्तकावर लेखिकेचे नावही नव्हते. पुढे मेरी शेली हे नाव जगभर झाले, ते मुख्यतः याच पुस्तकामुळे.

सपाट डोक्याचा, मानेत खिळे असलेला जो राक्षस सर्वांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो, तो १९३१ सालच्या चित्रपटातील होय. 'फ्रँकेन्स्टाइन' हे त्याचे नावही नव्हे. ते त्याला घडविणाऱ्याचे नाव. भय दाखविणाऱ्या कथा पुष्कळ झाल्या आणि विसरल्या गेल्या. हे पुस्तक टिकले, ते भयापेक्षा करुणेमुळे.

मृत शरीरांचे अवयव जोडून व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन आठ फूट उंचीचा एक मानव घडवितो, आणि त्याने डोळे उघडताच त्याच्या कुरूपतेने भयभीत होऊन पळ काढतो. त्या नवजात जिवाला जवळ करणारे कोणीच उरत नाही. भटकत भटकत तो एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपतो आणि भिंतीच्या फटीतून त्यांचे बोलणे ऐकून भाषा शिकतो. रात्री सरपण तोडून गुपचूप त्यांच्या दाराशी ठेवतो. वाटेवरील बर्फ दूर करतो. अखेर धीर करून तो घरातील आंधळ्या वृद्धापाशी जातो. वृद्ध त्याच्याशी मायेने बोलतो, कारण त्याला रूप दिसत नाही. इतक्यात घरची तरुण मंडळी येतात आणि त्याला काठीने बडवून काढतात. पुढे पाण्यात बुडणाऱ्या एका मुलीला तो वाचवितो, तर बक्षीस म्हणून त्याला बंदुकीची गोळी मिळते! त्यानंतर तो निरपराध माणसांचे प्राण घेतो. त्याचे समर्थन कोणीही करू नये. परंतु भस्मासुराने वर मागून घेतला होता. या बिचाऱ्याने जन्मही मागितला नव्हता.

विज्ञानाच्या वाटेला जाऊ नये, असे ही कादंबरी सांगते, असा कित्येकांचा समज आहे. तो खरा नव्हे. व्हिक्टरचा अपराध ज्ञान मिळविण्यात नाही. आपण घडविलेल्याला टाकून देण्यात आहे. रोप लावून पाणी न देणाऱ्या शेतकऱ्याने रोपाला दोष द्यावा, तसे त्याचे वागणे आहे. मराठीत जयंत नारळीकर यांनीही 'वामन परत न आला' या कादंबरीत बुद्धिमान यंत्रमानवाची कथा लिहिली. आता तर विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर देणारी यंत्रे खेड्यापाड्यांतील भ्रमणध्वनीवरही आली आहेत. ती कोणी घडविली आणि त्यांच्या बऱ्यावाईट वागण्याची जबाबदारी कोण घेणार, हे विचारताना जुन्या पुस्तकाची पाने पुन्हा उलगडली जातात.

कादंबरीच्या शेवटी, उत्तर ध्रुवाकडील समुद्रात, व्हिक्टरच्या मृतदेहाजवळ तो जीव शोक करतो आणि बर्फाच्या तराफ्यावरून अंधारात दिसेनासा होतो. लेखिकेने त्याला शेवटपर्यंत नाव दिलेले नाही.