गुन्ह्याची कबुली आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी
मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींस खुले पत्र

माननीय मुख्य न्यायमूर्ती यांस सविनय सादर,

आपल्या अधीक्षणाखालील न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे किरकोळ प्रकरणांचे जे पुकारे रोज होतात, त्यांत ‘गुन्हा कबूल आहे का?’ या प्रश्नाला मिळालेल्या एका होकारावर माणूस दोषी ठरतो. आणि तो होकार ज्या रीतीने घेतला जातो, ती रीत पुष्कळदा कायद्याच्या अक्षरालाही धरून नसते व हेतूलाही नसते, अशी दीर्घकाळ फौजदारी वकिली केल्यावर माझी खात्री झाली असल्याने हे जाहीर लिहिणे मला प्राप्त झाले आहे.

एका तालुक्याच्या न्यायालयात, बाजाराच्या दिवशी पत्त्यांच्या जुगारात धरलेला एक कोरकू मजूर उभा होता. आरोप समजला असून स्वखुशीने गुन्हा कबूल करीत आहे, हा मजकूर छापील नमुन्यात आधीपासूनच होता; दंडाच्या रकमेपुरती जागा तेवढी कोरी होती. साहेबांनी मराठीत विचारले, शिपायाने तेच मोठ्याने विचारले, आणि मजूर ‘हो साहेब’ म्हणाला; त्याचे नाव विचारून खात्री केली तेव्हाही, दंड भरणार ना असे विचारले तेव्हाही, त्याने तेच दोन शब्द उच्चारले होते. अंगठा उमटला, रोजनामा पुरा झाला, पुढचा पुकारा झाला.

समन्स-खटल्यातील कबुली शक्य तितकी आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी, असे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 252 सांगत होते आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 275 आजही सांगते. महंत कौशल्यादास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच्या संहितेतील याच आशयाची तरतूद बंधनकारक ठरवली होती. छापील वाक्यावरचा अंगठा हे आरोपीचे शब्द कसे होतील? पुढे दोषसिद्धीविरुद्ध अपिलाचा मार्गही नव्या संहितेच्या कलम 416 ने बंद होतो, शिक्षेचे प्रमाण व वैधता एवढाच वाद उरतो, हे त्या मजुरास कोणीही सांगितले नव्हते. जामीनदार न मिळाल्याने कच्च्या कैदेत खितपत पडलेल्यास तर ‘कबूल करून टाक, भोगलेली कैद धरून सुटशील’ हाच सल्ला सर्वांत जवळचा वाटतो; दोषसिद्धीचा डाग पुढे नोकरीच्या पोलीस पडताळणीत वर येईल, हा विचार त्या घटकेस त्याला सुचावा कसा?

शिक्षेबाबत तडजोडीचा अर्ज करणाऱ्याला मात्र न्यायाधीशाने एकांतात, प्रतिपक्षास दूर ठेवून, अर्ज स्वेच्छेने केला आहे काय हे विचारलेच पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे. आणि याच मुंबईत, 20 जुलै 2009 रोजी अजमल कसाबने भर न्यायालयात कबुली दिली, तेव्हा विशेष न्यायाधीश ताहिलियानी यांनी ती अभिलेखावर घेतली, परंतु सर्व आरोप त्याने पूर्णतः मान्य केलेले नाहीत हे पाहून खटला पुढे चालवला. या सावधपणाचा मला मनःपूर्वक आदर वाटतो; आणि म्हणूनच जुगारातल्या मजुराच्या वाट्याला त्याचा अंशही येऊ नये, हे मला सहन होत नाही.

तरी छापील कबुलीचे नमुने रद्द करावेत. आरोपीच्या भाषेत, लागल्यास दुभाष्यामार्फत, ‘तू नेमके काय केलेस?’ असे विचारून प्रश्न व उत्तर दोन्ही लिहून घ्यावेत. अपिलाचा हक्क संकुचित होतो हे आधी समजावून सांगावे. आणि विधिसेवेचा वकील त्याच्याशी बोलल्याखेरीज कबुली स्वीकारू नये, असे परिपत्रक आपण काढावे, ही विनंती.

आपला नम्र,
फौजदारी न्यायालयांतील एक वकील