स्वावलंबन आणि बॅटरीवरची खुर्ची

वसतिगृहांच्या स्मरणिकांतून 'स्वावलंबन' हा शब्द हमखास भेटतो. आपले कपडे आपण धुणे, आपले ताट आपण घासणे, पहाटे उठून अंगण झाडणे असा त्याचा अर्थ मुलांना शिकवला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या मुलाचे पाय चालत नाहीत आणि हातांतही चाक ढकलण्याइतके बळ नाही, त्याच्यापुरता या शब्दाचा अर्थ कोणता, हा प्रश्न या अंकाच्या निमित्ताने मांडावा असे आम्हांस वाटते.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला वेगळीच धार आहे. दिवाळीच्या सुमारास येथील कष्टकरी कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. चालणारे मूल फडावर जाते किंवा वसतिगृहात येते. न चालणारे मूल आजीच्या हवाली होते. आजीला ते उचलवत नाही, म्हणून सकाळी ओसरीवर जिथे बसवले तिथेच त्याचा दिवस मावळतो. अशा मुलाचे शिक्षण थांबते ते बुद्धी नाही म्हणून नव्हे. उचलणारे हात नाहीत म्हणून.

साधी चाकांची खुर्ची हा मोठा आधार आहे, पण दंडात बळ असेल तर. स्नायू क्षीण करत जाणारा आजार, मेंदूचा पक्षाघात किंवा मानेजवळ मणक्याला झालेली इजा असेल, तर ती बहुधा दुसऱ्यानेच ढकलावी लागते. ढकलणारा मित्र कितीही प्रेमळ असो, तोंड कोणत्या दिशेला वळवायचे हे तोच ठरवतो. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी कॅनडाच्या जॉर्ज क्लाइन यांनी विजेवर चालणारी खुर्ची घडवली, तेव्हा हा निर्णय बसणाऱ्याच्या बोटाखालच्या एका दांड्यात आला. अशा खुर्चीतले मूल फळ्याजवळ जाते, खिडकीशी थांबते, नावडत्या गप्पांतून निघून जाते. तासाला मुद्दाम उशिरा पोहोचते आणि इतरांसारखी बोलणीही खाते. उशीर करण्याचा हा अधिकार आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, यंत्रावर विसंबणे हे कसले स्वावलंबन? बेलुव गावी, आजारातून उठलेल्या तथागतांनी आनंदाला स्वतःच स्वतःचा दीप होण्याचा उपदेश केला, हे आपल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्याच संवादात, त्याच्या अगदी थोडे आधी, ऐंशीच्या घरातले आपले शरीर बांधून-सांधून चालणाऱ्या जुन्या गाडीसारखे झाले आहे, असेही ते मोकळेपणाने सांगतात. हा भाग आपल्या प्रवचनांतून क्वचितच येतो. देहाला आधार लागतो हे मान्य करणे आणि आपला दीप आपण होणे, यांत तथागतांना विरोध दिसला नाही. मग आपल्याला का दिसावा?

केंद्र शासनाच्या 'एडिप' योजनेतून, कानपूरच्या 'अलिम्को'मार्फत शिबिरांमध्ये साधने मिळतात. मोटारीची तीनचाकी सायकलही मिळते. बाजाराला, बँकेत, स्वतःच्या टपरीवर जाण्यास ती उत्तम; पण ती रस्त्याची गाडी आहे, वर्गात बाकांमधून वळणारी नव्हे. शिवाय 2014 च्या सुधारित नियमांनी तिच्यासाठी वयाची 16 वर्षे ही अट घातली. म्हणजे पहिलीपासून दहावीपर्यंतची जवळजवळ सगळी वर्षे तिच्याविना गेली. परदेशांत अडीच-तीन वर्षांची मुलेही विजेची खुर्ची चालवायला शिकतात, हे गेल्या चार दशकांत दिसून आले आहे. लहान मुलांसाठी वर्गात चालेल अशी खुर्ची शासनाने द्यावी, अशी मागणी आपल्या संस्थांनी एकत्र येऊन केली पाहिजे.

मात्र नुसती खुर्ची आणून भागणार नाही. साधी खुर्ची चार मुले उचलून पायऱ्यांवर चढवतात आणि त्यातच सर्वांचे समाधान होते. बॅटरीची खुर्ची बसणाऱ्यासह शंभर किलोच्या आसपास जाते. ती कोणी उचलत नाही. ती उंबऱ्याशी थांबते आणि इमारतीचा दोष उघड करते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. त्यांनी 1984 साली उभारलेल्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेने खुर्चीला अडथळा होणार नाही असे वसतिगृहही उभे केले, हे महत्त्वाचे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने तर शासनमान्य शाळांच्या इमारती आणि आवार सुगम असावे असे सांगितलेच आहे. हिशेब सोपा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार. दोन फुटांचे जोते असेल तर चोवीस फूट. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चाकांना धरून बसते, तेव्हा वाट फरशीची किंवा सिमेंटचीच हवी.

स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर देणगीदारांची नावे असतात: कोणी कमान दिली, कोणी सभागृह, कोणी पाण्याची टाकी. पुढच्या यादीत दोन खुर्च्या असाव्यात, काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या बॅटऱ्यांची तरतूद असावी, आणि वसतिगृहापासून वर्ग, भोजनगृह, विहार व शौचालय यांना जोडणारी एक सपाट वाट असावी. खुर्चीच्या खरेदीपूर्वी शौचालयाचे दार मात्र मोजून घ्यावे. ते 90 सेंटीमीटर मोकळे नसेल, तर पहिली देणगी गवंड्याला द्यावी लागेल.