हिरव्या पडद्याआधी नजर

मोहोळसारख्या गावातला विद्यार्थीही आज मोबाईलवर हिरवा पडदा पुसून मागे हवे ते दृश्य जोडू शकतो. त्वचेत हिरवी छटा कमी, म्हणून तो रंग वेगळा काढणे सोपे. खरा कस लागतो तो जोडकामात. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि मागच्या सावल्याही डावीकडेच, तर केसांच्या कडा कितीही स्वच्छ असोत, बनाव उघडा पडतो.

'प्रभात'च्या 'संत तुकाराम'मधले (१९३६) गरुडावरचे वैकुंठगमन आज ढोबळ दिसते, तरी पटते. कारण खाली जमिनीवर जिजाई उरते. वाङ्मयातली प्रतिमाही अशीच. भोवतीच्या आशयाचा उजेड तिच्यावर पडला नाही, तर ती उसनी वाटते. म्हणून हा धडा संगणक-कक्षाइतकाच मराठीच्या वर्गाचाही आहे.