गोल्फची हिरवळ कोणाच्या पाण्यावर?

आम्ही सोलापूरचे. नळाला पाणी आले की मध्यरात्री उठायचे आणि पिंप, हंडे, बादल्या भरून ठेवायच्या, हे आमच्या शहरात लहान पोरालाही शिकवावे लागत नाही. जिल्ह्यात उजनीसारखे अवाढव्य धरण असूनही सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे तीन-चार दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर संसार केले. अशा गावातला एक वकील गोल्फवर लेख लिहितो आहे म्हटल्यावर वाचक हसतील. खुशाल हसावे. पण लेख शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

काही वर्षांपूर्वी वकिलांच्या एका परिषदेसाठी आम्हाला पुण्यापलीकडच्या डोंगरातील एका पंचतारांकित रिसॉर्टमध्ये जाण्याचा योग आला. एप्रिल महिना होता. सोलापूरहून निघालो तेव्हा मोहोळपासून इंदापूरपर्यंत शेतं करपलेली. भिगवणजवळ उजनीचे पाणी आटून मागे सरकलेले आणि उघड्या पडलेल्या गाळाला भेगा गेलेल्या. रिसॉर्टच्या कमानीतून गाडी आत शिरली आणि डोळे दिपले. जिकडे पाहावे तिकडे हिरवेगार गवत. दाढी केल्यासारखे कापलेले. फवारे भर दुपारी गोल फिरत होते.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी गोल्फ ठेवला होता. चौघांच्या गटात एक माणूस कमी पडत होता म्हणून आम्हाला ओढून नेले. अठरा होलचे मैदान, सगळी होल मिळून बहात्तर फटक्यांत संपवायची. मोठ्या स्पर्धा व्हाव्यात असे अवघड मैदान बांधले आहे, असे यजमान अभिमानाने सांगत होते. मधे वाळूचे खड्डे, चढउतार, वळणे. सव्वाचार इंचाच्या भोकात चेंडू घालायचा आणि ते भोक चार-साडेचारशे मीटरवर! आम्ही पहिल्याच होलला बारा फटक्यांनंतर मोजणे सोडून दिले.

आमची काठ्यांची पिशवी उचलायला एक कॅडी दिला होता. पंचेचाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस. सातव्या होलला पुढ्यात मोठे तळे होते आणि पलीकडच्या काठावर झेंडा. आम्ही फटका मारायला वाकलो. सगळे गप्प. इतक्यात आमच्या खिशातला मोबाईल वाजला. रिंगटोन भीमगीताची. सोबतचे तिघे आमच्याकडे पाहू लागले आणि आम्ही घाईघाईने खिशात हात घालून आवाज बंद केला.

खेळताना मोबाईल वाजू नये, हा तिथला रिवाज आहे हे खरे. पण आम्ही रिवाजासाठी आवाज बंद केला नव्हता. वीस वर्षे जे गीत आम्ही व्यासपीठावरून छाती पुढे काढून म्हटले, ते त्या हिरवळीवर आम्हाला दडवावेसे वाटले. हे कबूल केल्याशिवाय पुढचा एक शब्दही लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही.

बाकीचे पुढे गेल्यावर कॅडी हळूच म्हणाला, "जय भीम, वकीलसाहेब." आम्ही गाव विचारले. मंगळवेढ्याकडचा निघाला. घरी चार एकर कोरडवाहू, ज्वारी पिकली तर पिकली. पुण्याकडे आला तो गवंड्याच्या हाताखाली. इथे गवत कापायला लागला, मग पिशवी उचलू लागला. पगार नाही. जितक्या फेऱ्या तितके पैसे, वर साहेब लोक देतील ती बक्षिसी. आमचे तीन चेंडू तळ्यात गेले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पाण्याकडे बघू नका. झेंड्याकडे बघा."

मंगळवेढा म्हटले की आम्हाला चोखोबा आठवतात. गावकुसाचे बांधकाम करताना ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा गेले. ज्या भिंतीच्या आत त्यांना घर नव्हते, तीच भिंत ते बांधत होते. सात शतके झाली. आमचा कॅडी ज्या हिरवळीची निगा राखतो, तिच्यावर पाहुणा म्हणून तो कधी पाऊल ठेवू शकेल काय?

आता थोडे कायद्याचे बोलू. गोल्फच्या नियमपुस्तकात २०१९ पर्यंत तळ्याला, ओढ्याला 'वॉटर हॅझर्ड' म्हणत. म्हणजे पाणी हा अडथळा. २०१९ पासून शब्द बदलला, 'पेनल्टी एरिया' झाला. चेंडू पाण्यात गेला की एक फटका दंड. हे वाचताना आम्हाला हसू आले आणि अंगावर काटाही आला. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा आपल्या लोकांनाही दंड झाला होता. तो डोकी फुटण्याचा दंड होता. वर तळे बाटले म्हणून पंचगव्याने शुद्ध करून घेतले. योगायोग असा की मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब स्थापन झाला तोही १९२७ सालीच. आपण एका ओंजळीसाठी रक्त सांडत होतो, तेव्हा त्याच इलाख्यातले साहेब गवताच्या मैदानाची आखणी करत होते.

महाडचा लढा केवळ भावनेचा नव्हता, कायद्याचा होता. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेली व चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याप्रमाणे तळे खुले केले, पण कागदावर. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी ते प्रत्यक्षात खुले केले. सवर्ण कोर्टात गेले. दहा वर्षे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेब जिंकले. हीच लढाई पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमात उतरली. राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा वापरण्यास धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही अडवता येणार नाही. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांनाही हेच लागू.

मग रिसॉर्टच्या दारावर आम्हाला कोणी जात विचारली काय? नाही. तिथे कार्ड विचारतात. मेंबरशिप आहे का, खोली बुक आहे का, एवढेच. पंधरावे कलम जातीच्या नावाने अडवायला बंदी करते, पैशाच्या नावाने अडवायला नाही. मेख इथेच आहे. हजारो वर्षे ज्यांना जमीन, पैसा, शिक्षण मिळू दिले नाही, त्यांना आज जात न विचारताही बाहेर ठेवता येते. आणि कधीकधी जुनी भाषा तोंडातून निसटतेच. २०१७ साली दिल्ली गोल्फ क्लबमध्ये मेघालयातील एका खासी बाईला जेवणाच्या टेबलावरून उठवले. तिचा पारंपरिक पोशाख मोलकरणीसारखा दिसतो, असे कारण सांगितल्याची तक्रार देशभर गाजली. ती सदस्याची पाहुणी म्हणून आली होती!

खेळाशी आमचे भांडण नाही. खेळ चांगला आहे, नजर आणि संयम लागतो. अंगात कसब असेल तर गरिबाचे पोरही पुढे जाते. दिल्लीत कॅडीचे काम केलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय ठरला. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये गवताची निगा राखणाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया, त्याने २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकली. म्हणजे उणीव कसबाची नाही, दाराची आहे. मैदानात शिरायला यांना पिशवी उचलावी लागली किंवा बापाचे बोट धरावे लागले.

आता पाण्याचा हिशेब. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. उन्हाळ्यात गवताला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले, तर एकरी वीस हजार लिटर होते. खेळाचे गवत शंभर एकर धरा. रोजचे वीस लाख लिटर! २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटरचा निकष ठेवला. म्हणजे एका मैदानाच्या पाण्यात छत्तीस हजार माणसांची तहान भागते. पुण्याकडच्या डोंगरातले बरेचसे पाणी मुळा-मुठेतून, भीमेतून उजनीत येते आणि उजनीतून आमच्या नळाला. वर कोणी किती उपसले, यावर खाली आमच्या हंड्यात किती पडणार हे ठरते.

काही जण म्हणतील, उसाला याच्या कितीतरी पट पाणी जाते, त्याचे काय? खरे आहे. आमच्या जिल्ह्यातील कारखानदारांनाही हा हिशेब द्यावा लागेल आणि आम्ही तो मागतोच. दुसरे म्हणतील, काही मैदाने सांडपाणी शुद्ध करून वापरतात. तसे असेल तर उत्तम, कागद दाखवा. पण झाकली मूठ चालणार नाही. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले. क्रिकेटच्या खेळपट्टीला जो प्रश्न विचारला गेला, तो गोल्फच्या हिरवळीला का विचारू नये?

कायदा आपल्या बाजूने आहे. १९९६ साली एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर बियास नदीकाठचे एक रिसॉर्टच होते. नदी, वने, किनारे ही सरकारची खासगी मालमत्ता नव्हे, सरकार जनतेचे विश्वस्त आहे, असे न्यायालयाने बजावले आणि दिलेली जमीन परत घ्यायला लावली. २००९ साली गोव्यात दोना पावल येथील वायंगिणी किनाऱ्याच्या प्रकरणात, लोकांची किनाऱ्यावर जाण्याची वाट हॉटेलवाल्यांनी मोकळी ठेवलीच पाहिजे, असा निकाल झाला. कामगारांच्या बाबतीत २०१६ चा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा निकाल आहे. रेसकोर्सवरच्या नैमित्तिक कामगारांनाही कर्मचारी राज्य विमा कायद्याचे संरक्षण मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मग रोज पिशव्या उचलणारा कॅडी कोणाचाच कामगार नाही, हे कुठवर ऐकून घ्यायचे?

तेव्हा चळवळीने करायचे काय? पहिले, माहितीच्या अधिकारात जलसंपदा खात्याला अर्ज टाका. कोणत्या रिसॉर्टला, कोणत्या स्रोतातून, किती पाणी, कोणत्या दराने मंजूर आहे, हे लेखी मागा. दुसरे, टंचाई जाहीर झाली की पिण्याजोगे पाणी गवताला देणे थांबलेच पाहिजे, ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. तिसरे, सरकारी जमिनीवर किंवा सरकारी महामंडळाने उभारलेल्या मैदानांवर, जसे सिडकोने खारघरला उभारले आहे, आपल्या वस्तीतल्या मुलामुलींना शिकायला राखीव वेळ आणि परवडेल अशी फी मागा. सार्वजनिक पैसा तिथे ओतला असेल तर बोले ठराव तिथेही जिवंत आहे. चौथे, कॅडी, माळी, सफाई कामगार यांची संघटना बांधा.

आणि एक गोष्ट आपल्यातल्या साहेब लोकांसाठी. आरक्षणाने शिकलो, पदावर गेलो, आता क्लबचे मेंबर झालो, याचा आनंद असू द्या. पण आपल्यातला एक जण आत गेला म्हणजे तळे खुले झाले, असे समजू नका. महाडला बाबासाहेबांना एकट्याला पाणी प्यायचे असते तर ते मुंबईच्या घरी नळाचे पिऊ शकले असते. ते हजारोंना घेऊन तळ्यावर गेले. येरवड्याचे नाव निघाले की आपल्याला २४ सप्टेंबर १९३२ चा करार आठवतो. सोलापूरकरांना तिथेच १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेले आपले चार हुतात्मे आठवतात. त्याच येरवड्यात आज गोल्फचेही मैदान आहे. तिथे खेळायला जाणाऱ्या आपल्या माणसाने एवढे तरी स्मरणात ठेवावे.

आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे. मोबाईलची रिंगटोन तीच आहे आणि आता ती खणखणीत वाजते. त्या कॅडी बांधवाने आम्हाला झेंड्याकडे बघायला सांगितले होते. फटक्यासाठी त्याचा सल्ला बरोबरच असेल. पण सोलापूरच्या माणसाला पाण्याकडे बघितल्यावाचून राहवत नाही. तुम्हीही बघा, आणि हिशेब मागा.

जय भीम!