पाणी उतरलं तरी निरोप थांबवू नका



कोल्हापुरात पंचगंगा वाढू लागली की राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात, वेळेसह घरोघर पोचते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ मध्ये ५६ फुटांवर. दोन्ही वेळी घर कधी सोडायचं, जनावरं कधी हलवायची, हे लोक याच आकड्यावरून ठरवत होते.

पाणी उतरलं की तो आकडा थांबतो, आणि आजार नेमके तिथून डोकं वर काढतात. चिखलपाण्यात वावरलेल्याला लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो. दूषित पाण्यातून होणारी हेपेटायटिस ई ही कावीळ दिसायला २ ते १० आठवडे लागतात. तोवर निवारा केंद्रं रिकामी झालेली असतात आणि माणसं कामाधंद्याला लागलेली असतात. अंगातल्या तापाचा संबंध महिन्यापूर्वीच्या पाण्याशी जोडून द्यायला कुणीच उरत नाही. अशुद्ध पाणी काय करतं, हे २०१२ च्या काविळीच्या साथीत इचलकरंजीने पाहिलं आहे. त्या साथीत माणसं दगावली.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर हे कळकळीचं आवाहन.

प्रशासनाने पूर ओसरल्यावर किमान १० आठवडे रोज ठरलेल्या वेळी आरोग्याचा निरोप द्यावा. कोणत्या पेठेतल्या, कोणत्या गावातल्या पाण्याचा नमुना पिण्यास अयोग्य ठरला, तापाचे रुग्ण कुठे वाढले, हे नावानिशी सांगावं. लोक घाबरतील म्हणून माहिती दडवू नये. १८९७ च्या प्लेगात पुण्यात विश्वासात न घेता सोजिरांकरवी घरं तपासली गेली, तेव्हा लोकांनी धसक्याने रोगीच लपवले. भीती वाढते ती अर्धवट माहितीने.

निरोप कसा असावा? ‘पाणी उकळून प्या, काळजी घ्या’ एवढ्याने भागत नाही. नमुन्यादाखल असा लिहा:

‘बुधवार, सकाळी ८. आपल्या गल्लीतलं नळाचं पाणी अजून पिण्यायोग्य नाही. खळखळून उकळा, गार करून झाकून ठेवा. पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर आशाताईंकडे मोफत मिळेल. ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल किंवा पिवळे दिसल्यास त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि पुराच्या पाण्यात उतरला होता हे डॉक्टरांना सांगा. पुढचा निरोप उद्या सकाळी ८ वाजता.’

गरोदर बाईला कावीळ झाली तर जिवावर बेतू शकतं. तिला झाडपाल्याच्या औषधावर ठेवू नका, थेट रुग्णालयात न्या. ही सूचनाही प्रत्येक निरोपात असलीच पाहिजे.

तालीम मंडळांनो, पुरात तुम्ही जीव धोक्यात घालून माणसं काढता. आता तालमीच्या दारात एक फळा लावा आणि तो रोज लिहायला दोघांना नेमा. दूध संस्थांच्या सचिवांनो, सकाळ-संध्याकाळ निम्मं गाव तुमच्या दारात येतं. दूध मापून घेताना निरोप मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांच्याकडे मोबाईल नाही अशा म्हाताऱ्या माणसांना, ऊसतोड मजुरांना आणि परप्रांतीय कामगारांना तो त्यांच्या भाषेत सांगा.

आणि आपण सगळ्यांनी एक शिस्त पाळूया. ज्या मेसेजवर तारीख, ठिकाण आणि सांगणाऱ्या कार्यालयाचं नाव नाही, तो पुढे पाठवायचा नाही. शंका आली तर आरोग्य सल्ल्यासाठी १०४, आपत्तीत जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवा.

पहिला मोठा पाऊस लागायच्या आत, येत्या रविवारीच तालमीत, संस्थेत, ग्रामपंचायतीत बसा. फळा कोण लिहिणार, घरोघर कोण जाणार, आशाताईंशी कोण बोलणार, ही नावं त्याच बैठकीत ठरवा. पूर आपल्या हातात नाही. पुरानंतरचे कित्येक मृत्यू मात्र वेळेवर दिलेल्या निरोपाने टळू शकतात.