विझवणें, मालवणें आणि ‘बंद करणें’

प्रत्येक इंग्रजी शब्दास एकच मराठी प्रतिशब्द असला पाहिजे, अशी एक समजूत आमच्या शाळा-महाशाळांतून फार दिवसांपासून बळावली आहे. ‘एक्स्टिंग्विश’ म्हणजे विझवणें, असें एकदां वहींत टिपलें कीं विद्यार्थ्याचें, आणि बहुधा त्याच्या गुरुजींचेंहि, समाधान होतें. एवढ्यावरच थांबतें तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु हल्लीं त्या ‘विझवणें’लाहि रजा देऊन दिवा, शेगडी, पंखा, नळ, सारें कांहीं सरसकट ‘बंद’ करण्याचा जो सपाटा चालला आहे, तो पाहून आम्हांस स्वस्थ बसवत नाहीं.

ज्यांच्या कोशावर ही समजूत पोसली, त्या इंग्रजांचें घर आधीं पाहूं. ‘एक्स्टिंग्विश’ हा त्यांच्याकडील लॅटिन पाहुणा. ‘एक्स्टिंक्ट’ हें त्याचेंच भावंड, म्हणून इंग्रजींत ज्वालामुखी विझतो तसा डोडो पक्षीहि विझतो. ‘क्वेंच’ मात्र घरचें, जुन्या इंग्रजींतलें. तें मुळांत प्रयोजक रूप आहे. त्याच्या जोडीला आपोआप विझण्याचें जें साधें क्रियापद होतें, तें इंग्रजांनीं हरवलें, आणि आतां ‘बाहेर जाणें’ अशा अर्थाचे दोन शब्द जोडून त्यांस काम भागवावें लागतें. आमची विझणें-विझवणें ही जोडी अद्याप शाबूत आहे. तिसरें ‘डाउस’. त्याचा जुना अर्थ तडाखा देणें. खलाशांनीं तें शीड झटकन् उतरवण्यास लावलें, इतरांनीं पाण्यांत बुचकळण्यास, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तें दिव्यापर्यंत येऊन पोंचलें. त्याच्या कुळाविषयीं खुद्द इंग्रज कोशकारांत एकमत नाहीं. तरीहि या तिघांपैकीं कोणतें कोठें योजावें, याविषयीं चांगला इंग्रज लेखक डोळ्यांत तेल घालून जपतो.

आणि आम्ही? ‘क्वेंच’ या एका शब्दानें इंग्रज आग विझवतो, तहान भागवतो आणि तापलेलें पोलादहि पाण्यांत बुडवतो. आमचा लोहार विळ्याला पाणी देतो, गवंडी कळीचा चुना विरवतो, तहान भागते आणि आग विझते. हिंदींत आग, तहान आणि चुना या तिघांचें एका ‘बुझाना’वर भागतें, ती त्या भाषेची रीत, तिच्याशीं आमचें भांडण नाहीं. पण मराठींत कोणाची तहान ‘विझली’ तर ऐकणाऱ्याचा कान दुखावलाच पाहिजे.

विझणें हा शब्द पालींतील ‘विज्झायति’ आणि प्राकृतांतील ‘विज्झाइ’ यांचा वंशज. जळणें या अर्थाच्या धातूस ‘वि’ लागून तो झाला. निवणें त्याहून शीतल. तें ‘निर्वा’पासून निघालें, म्हणजे निर्वाणाचें सख्खें नातलग. आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांत जे बौद्ध भिक्षु राहत, त्यांचें परम ध्येय ज्या शब्दांत सांठवलें होतें, त्याच शब्दाचें लेकरूं आज आमच्या स्वयंपाकघरांत ‘दूध निवूं दे’ म्हणून वावरतें, आणि परगांवचा मुलगा घरीं आला म्हणजे आईचे डोळे निवतात. एवढी मोठी वंशावळ ज्या साध्या शब्दाच्या पाठीशीं आहे, त्याच्या जागीं ‘थंड होणें’ वापरून आम्ही काय मिळवतों?

मालवणें तर या सर्वांत हळुवार. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हां ६६ अग्निशामक जवान कामीं आले. ते आग विझवीत होते. ती ‘मालवीत’ होते असें कोणी लिहिलें, तर त्यांच्या बलिदानाची थट्टा होईल. विझवण्यांत झुंज आहे. उलट, माणूस गेला म्हणजे आम्ही ‘प्राणज्योत मालवली’ असें म्हणतों. कोणी मालवली हें त्यांत सांगावें लागत नाहीं, आणि दुःखाची धारहि थोडी बोथट होते. ज्या भाषेंत बांगडी फुटत नाहीं, वाढते, त्या भाषेला हें सौजन्य शिकवावें लागलें नाहीं.

आमच्या भाषाभिमान्यांचें लक्ष मात्र नामांवर खिळलेलें. नाशिक जिल्ह्यांतील भगूर येथें १८८३ सालीं जन्मलेल्या सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ उभारली. ‘तारीख’ गेली आणि ‘दिनांक’ आला, ‘मेयर’ जाऊन ‘महापौर’ आले. त्या खटाटोपाची आम्ही हेटाळणी करीत नाहीं. परंतु पोर्तुगीजांकडून आलेल्या ‘बंबा’ला हांकून ‘अग्निशमन’ आणल्यानें मराठीचें रक्षण झालें, असें मानणें भाबडेपणाचें आहे. परकें नाम घरांत येऊन कोपऱ्यांत बसतें, आणि थोड्या दिवसांनीं मराठी प्रत्यय लावून घेतें. बंबाचेंच पहा, तो न्हाणीघरांत पाणी तापवूं लागला. क्रियापद नाहींसें होतें तेव्हां मात्र गलबला होत नाहीं. गंमत अशी कीं मालवणें, निवणें यांची जागा घेणाऱ्या ‘बंद’ या फारसी शब्दावर कोणाहि शुद्धिवाद्यानें बोट ठेवलेलें आम्हांस दिसलें नाहीं.

यावर आधुनिकांचें उत्तर ठरलेलें आहे: विजेच्या दिव्याला ज्योत नाहीं, मग मालवावयाचें काय? युक्तिवाद दिसावयास चोख आहे. पण ज्योत नाहीं तर त्याला दिवा तरी कां म्हणतां? घरोघरची वडील माणसें त्याच विजेच्या दिव्याला ‘घालव’ म्हणत आलीं, आणि वीज खंडित झाली कीं ‘दिवे गेले’ असेंच आजहि सर्वांच्या तोंडून निघतें. ‘दिवे बंद झाले’ असें सहसा कोणी म्हणत नाहीं. पंखा बंद करावा, पंप बंद करावा, दार बंद करावें. त्या शब्दाचें वतन तेवढें आहे आणि तें त्यानें सुखानें भोगावें. पण परवां एका पाठ्यपुस्तकांत ‘पूजा झाल्यावर समई बंद करावी’ असें छापलेलें आमच्या वाचनांत आलें. समईची कळ कोणत्या बाजूस असते, हें त्या पुस्तकाच्या कर्त्यांनीं एकदां आम्हांस दाखवावें.